माफी न मागणाऱ्या माणसाशेजारी गुडघे कसे टेकायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काही भलतंच समजले असेन तर तुम्हाला लगेच दिसेल. तुमचे वडील पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार होते. जनरल बॉडीच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदाने, ज्यांना तुम्ही लहानपणापासून काका म्हणता, नाताळच्या वर्गणीवरून त्यांच्यावर सगळ्यांदेखत आरोप केला. पुढे हिशेब तपासला गेला, पै न् पै जुळली. काकांनी माफी मागितली नाही, आणि मध्यंतरी वडील गेले. आता तेच काका प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी वेदीपुढच्या कठड्यापाशी तुमच्या शेजारी येऊन गुडघे टेकतात. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणतात, ‘प्रीतीने घ्या, विसरून जा.’ तुम्हाला प्रेम वाटत नाही, राग येतो. तर मग तुम्ही ढोंगी ठरता का, प्रभुभोजन घ्यावं की नाही, मंडळी बदलावी का, आणि पुढच्या महिन्यात वडिलांच्या वर्षाच्या प्रार्थनेला काकांना बोलवावं का, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

मी पाळक नाही, पाळकबाई आहे. आमचे हे आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि मग पुण्यात पाळक होते. ते व्यासपीठावरून बोलायचे, मी लोकांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकायचे. कोण कोणाच्या घरी चहा घेत नाही हे मंडळीत सगळ्यात आधी पाळकबाईला कळतं. त्यामुळे समेटाच्या कामात माझा निम्मा जन्म गेला, आणि जे सांगतेय ते त्या कामातून सांगतेय.

मला तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधलेल्या दिसतात. तुमच्या मनात काकांबद्दल काय वाटतं, ही एक. भर सभेत बोललं गेलेलं एक खोटं अजून कोणी दुरुस्त केलेलं नाही, ही दुसरी. पाळकसाहेबांनी पहिलीबद्दल उपदेश केला आणि दुसरी तशीच राहिली. म्हणून उपदेश तुमच्या गळी उतरत नाही, आणि तो उतरत नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय. या दोन्ही सोडवल्या की उरलेले प्रश्न बरेचसे सोपे होतात.

अर्थात पुष्कळ काही परिस्थितीवर अवलंबून आहे. काकांचं वय काय, त्यांची स्मरणशक्ती ठीक आहे का, ते अजून कमिटीवर आहेत का, हिशेब जुळल्याचं त्यांना कोणी नीट सांगितलं का, तुमच्या आईला काय हवंय. यातलं एखादं उत्तर वेगळं निघालं तर माझा सल्लाही बदलेल. जिथे बदलेल तिथे सांगते.

आधी ढोंगाचं. ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ हा बायबलमधला उतारा आपल्याकडे लग्नात इतक्या वेळा वाचला जातो की तो नवरा-नवरीसाठीच लिहिलाय असं वाटायला लागतं. प्रेषित पौलाने तो पत्रात लिहिला करिंथच्या मंडळीला, आणि ती मंडळी तुमच्या-माझ्या मंडळीहून काही बरी नव्हती. पत्राच्या पहिल्याच अध्यायात गट दिसतात: कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. सहाव्यात भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. अकराव्यात प्रभुभोजनाला काही जण आधी येऊन खाऊन-पिऊन मोकळे होतात आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहतात. एवढं सगळं सांगून झाल्यावर तेरावा अध्याय येतो. हेवा करत नाही, बढाई मारत नाही, फुगत नाही, स्वार्थ पाहत नाही. यात ओढ वाटते, मन भरून येतं, असं एकही वाक्य सापडत नाही. ज्यांनी एकमेकांना निवडलेलं नाही अशा माणसांनी एका छपराखाली कसं वागायचं, ते तिथे सांगितलंय.

‘चिडत नाही’ हेही तिथे आहे, आणि तुम्ही म्हणाल, मी तर चिडलेय. पण इफिसकरांना लिहिताना पौलच सांगतो की रागावा, पण पाप करू नका. राग येणं तुमच्या हातात नसतं. त्या रागाच्या भरात तुम्ही काय करता, कोणाला फोन लावता, ते असतं. मनात राग असताना दारात काकांना ‘सलाम’ केलात तर त्याला मी ढोंग म्हणणार नाही. दारात हसून सलाम करायचा आणि दुपारी तिसऱ्याच्या घरी बसून त्यांची सालं काढायची, याला म्हणेन. आमच्याकडे हे दुसरं फार चालतं, आणि त्याला आपण ‘प्रार्थनेसाठी सांगतेय हं’ असं नाव देतो.

भावना मागून येते का, असं मला मुली नेहमी विचारतात. कधी येते, कधी नाही येत. मी जवळून पाहिलेल्या बऱ्याच समेटांत ती आलीच नाही. दोघी एकमेकींच्या घरच्या मयताला उभ्या राहिल्या, दु:खाच्या घरी पोळ्या लाटून दिल्या, एकीच्या मुलीच्या लग्नात दुसरीने पंगतीची जबाबदारी घेतली, आणि तरी शेवटपर्यंत एकीला दुसरी आवडली नाही. मी त्याला प्रीतीच म्हणते. आवडण्याची अट घातली असती तर त्या दोघी आजही एकमेकींचं तोंड बघत नसत्या.

आता ‘विसरून जा’चं. प्रीती अपकार स्मरत नाही, हे त्याच अध्यायात आहे, आणि पाळकसाहेबांच्या मनात तेच असणार. पण त्याच्याच पुढे लगेच म्हटलंय की प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, तिला सत्याबद्दल आनंद वाटतो. ही दोन वाक्यं एकमेकांना चिकटून आहेत. पहिलं तुमच्यासाठी: सूड म्हणून ते उगाळत बसायचं नाही. दुसरं सगळ्या मंडळीसाठी: जे खोटं ठरलं ते खोटं ठरलं असं म्हणायचं. तुमच्या मंडळीने तुमच्याकडून पहिलं मागितलं आणि स्वतः दुसरं केलं नाही. आरोप माइकवर झाला, निर्दोष ठरल्याची बातमी मात्र कानोकान फिरली. हे उलट आहे, आणि तुमच्या रागातला बराच भाग मला या उलटेपणाचा वाटतो.

मात्र एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगते. काकांना हिशेब विचारायचा हक्क होता. मंडळीच्या पैशाचा हिशेब मागणं म्हणजे प्रीती कमी असणं नव्हे. पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मदत गोळा केली तेव्हा ती पोचवायला आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळीतले आणखी भाऊ दिले, का, तर एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्ष पौलालाही एवढी काळजी घ्यावीशी वाटली, तर तुमच्या-आमच्या खजिनदाराचं काय. काकांची चूक प्रश्न विचारण्यात नव्हती. घरी येऊन पावतीपुस्तक बघायच्या आधी त्यांनी सभेत उभं राहून निकाल सांगितला, आणि निकाल खोटा ठरल्यावर गप्प बसले, या त्यांच्या चुका. त्यांच्याकडे जाल तेव्हा मनात हा फरक ठेवून जा. ‘तुम्ही विचारलंतच कसं’ म्हणालात तर पहिल्या मिनिटाला बोलणं तुटेल, आणि तिथे तुमची बाजू कच्ची आहे.

मोकळं बोलून, वाद घालून प्रीती टिकते का, अशी शंका येत असेल तर आपल्या पंडिता रमाबाईंकडे बघा. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आईच्या जागी होत्या, आणि रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. पण दोघींची पत्रं वाचली की कळतं, या आजीबाईशी त्यांनी किती कडाडून वाद घातला. काय शिकवायचं, कोणाला शिकवायचं, चर्चचा कोणता सिद्धान्त मानायचा, एका मुद्द्यावर रमाबाई मुकाट्याने मान तुकवायला तयार नव्हत्या. नातं तरी राहिलं. पुढे 1897 च्या प्लेगात पुण्यातल्या प्लेगच्या व्यवस्थेत बायकांचे जे हाल झाले त्याबद्दलही त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. त्याच सुमाराला दुष्काळातल्या मुली-बायका गोळा करून त्या केडगावला नेत होत्या. त्यांना जेवू घालणारी आणि सरकारला सुनावणारी बाई एकच होती. आपण मात्र मंडळीत प्रेमळ माणूस म्हणजे गप्प बसणारा माणूस असं धरून चालतो.

आता प्रत्यक्षात काय करायचं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने पायऱ्या सांगितल्यात. भावाने तुमचा अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांगा. नाही ऐकलं तर एका-दोघांना सोबत घ्या. तरी नाही तर मंडळीला कळवा. लोक पहिली पायरी गाळून सरळ तिसरीवर जातात, काकांनी केलं तसं, नाहीतर मनातल्या मनात चौथीवर जातात आणि माणूसच सोडून देतात. पहिली पायरी अवघड आहे म्हणूनच ती पहिली आहे, असं आमचे हे म्हणायचे. मला वाटतं ती पहिली आहे कारण तिथे समोरच्याची अब्रू शाबूत राहते. ज्याची अब्रू चारचौघांत गेली त्याला चूक कबूल करणं दुप्पट जड जातं. तुमच्या वडिलांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंयच.

कुठे भेटायचं याला फार महत्त्व आहे. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात नको, तिथे चार जण कान लावून असतात. व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. लिहिलेला मजकूर पुढे पाठवला जातो आणि त्यात आवाज नसतो, त्यामुळे तुमचं रडणंही भांडण वाटतं. त्यांच्या घरी जा, दुपारी चारच्या सुमाराला, आणि आधी काकूंना फोन करा. काकूंना हे प्रकरण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त लागलेलं असतं, हा माझा अनुभव आहे. सोबत भाऊ, नवरा असं कोणाला नेऊ नका. ती दुसरी पायरी आहे. काकांच्या विरोधातल्या गटातल्या कोणाला तर आधी सांगूही नका, नाहीतर तुमचं दु:ख पुढच्या निवडणुकीत वापरलं जाईल.

बोलणं थोडकं ठेवा. साधारण असं: ‘काका, बाबांबद्दल बोलायला आलेय. त्या सभेत तुम्ही जे म्हणालात ते हिशेब तपासल्यावर खरं निघालं नाही. बाबांना ते फार लागलं होतं. ज्या सभेत बोललात त्याच सभेत हिशेब बरोबर होता एवढं एक वाक्य तुम्ही बोलावं आणि ते मिनिटबुकात यावं, एवढंच मागायला आलेय.’ मग थांबा. गप्प बसणं जड जाईल, तरी थांबा. ‘तुमच्यामुळे बाबा गेले’ हे वाक्य मनात असेल तर ते त्या घरी नेऊ नका. ते सिद्ध होत नाही, आणि एकदा बोललं गेलं की त्यावर दोन्हीकडच्या पुढच्या पिढ्या भांडतात.

मी ‘माफी मागा’ असं म्हणायला सांगितलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दाम सांगितलं नाही. माफी आतून येते, ती मागून घेतली तर पोकळ येते. दुरुस्ती मात्र मागता येते. आरोप सभेत झाला म्हणून दुरुस्तीही सभेत. जखमेएवढीच पट्टी लागते. स्वयंपाकघरात कुजबुजलेली माफी सभेतल्या जखमेला पुरत नाही.

काका काय करतील? काही जण ढसाढसा रडतात आणि तुम्हालाच पाणी द्यावं लागतं. काही जण दार लावून घेतात. पण त्या वयाचे आपले बहुतेक पुरुष अर्ध्यावर थांबतात: ‘तेव्हा तसं वाटलं होतं गं’, ‘झालं ते झालं, तुझा बाप माणूस चांगला होता’. एवढंच. हे मिळालं तर मी म्हणेन, घ्या. त्याची किंमत त्यांच्या तराजूत बरीच असते. ती पिढी शब्दांत माफी मागायला शिकलेलीच नाही. ती येऊन खुर्च्या लावते, नाताळात तुमच्याकडे करंज्यांचा डबा स्वतः आणून देते, आजारपणात रिक्षा घेऊन दारात उभी राहते. कठड्यापाशी एवढी जागा असताना ते तुमच्याच शेजारी का येतात, हा प्रश्नही मला पडलाय. सवय असेल. कुरापत असेल. त्यांच्या परीने काही सांगणंही असेल. यातलं कुठलंही गृहीत धरू नका, त्या दुपारी सरळ विचारा.

त्यांनी साफ नाकारलं तर दुसरी पायरी: हिशेब ज्यांनी तपासला त्यातले एक आणि दोन्ही गटांना मान्य असलेले एक वडीलधारे. तेही नाही जमलं तर कमिटीला लेखी पत्र, की तपासणीचा निष्कर्ष पुढच्या जनरल बॉडीत वाचून दाखवावा. यासाठी काकांच्या संमतीची गरज नाही. शेवटच्या पायरीवर येशू म्हणतो की मंडळीचंही न ऐकणारा तुला परका आणि जकातदार यासारखा असो. लोक हे वाक्य वाळीत टाकण्यासाठी वापरतात. ज्याच्या नावाचं ते शुभवर्तमान आहे तो मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठून आलेला होता, आणि येशू जकातदारांच्या पंगतीला बसायचा. तेव्हा नातं नवं करा, तोडू नका: कमिटीत एकत्र काम नको, पैशाचा व्यवहार नको, पण सलाम राहू दे.

क्षमेबद्दल एक गोष्ट मला फार उशिरापर्यंत कोणी सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगते. वडिलांच्या वतीने क्षमा करणं तुमचं काम नाही. त्यांच्यावर झालेला अन्याय ते आणि देव यांच्यातला आहे. तुम्ही मुलगी म्हणून जे सोसलंत, सभेनंतर घरात जी शांतता पसरली, लोकांनी जी नजर चुकवली, तेवढीच क्षमा तुमच्या हातात आहे. वडिलांचं ओझंही तुम्ही आपल्याकडे घेतलंय म्हणून तुम्हाला वाटतं की क्षमा केली तर त्यांच्याशी बेइमानी होईल. होणार नाही.

प्रभुभोजन घ्यावं का? घ्या. ‘अयोग्य प्रकारे’ घेऊ नये असं पौल म्हणतो त्याने पुष्कळ चांगली माणसं घाबरून बाकावर बसून राहतात. तो अध्याय पूर्ण वाचा. तिथला दोष कोणाच्या मनातल्या रागाचा नाहीच, उपाशी माणसाला मागे ठेवून स्वतः जेवणाऱ्यांचा आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा म्हटलंय, पण तिथे भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असण्याची गोष्ट आहे. तो उतारा खरं तर काकांनी वाचायला हवा. अर्थात हे त्यांना सांगायला तुम्ही जाऊ नका, पाळकसाहेबांना सांगू द्या. आणि तुम्हाला एखाद्या रविवारी अगदीच अशक्य वाटलं तर बसून राहा. कोणी कारण विचारलं तर सांगायचं बंधन नाही.

एका पंगतीला कोण बसतं हा प्रश्न आपल्या पुण्यात नवा नाही. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये चहापानाला गेले म्हणून टिळक-रानड्यांसह कितीतरी नामांकितांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचलं. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट मिटक्या मारत सांगतो. पण आपल्याच मंडळ्यांत कोण कुठल्या गावचं, कोणाचं घराणं आधी कोणत्या जातीतून आलं, यावर अजून सोयरिकी ठरतात आणि कमिट्याही. प्रीतीची खरी परीक्षा तुमच्या-काकांसारख्या बरोबरीच्या भांडणात होत नाही असं मला वाटतं. ज्याचा आवाज सभेत ऐकूच जात नाही त्याच्या बाबतीत ती होते.

यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत हेच झालं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी प्रीतीवर प्रवचन दिलं असं तिथे लिहिलेलं नाही. त्यांनी सात माणसं निवडायला सांगितली, आणि स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच लोकांच्या हाती बहुधा वाटप गेलं. मला हा अध्याय करिंथकरांच्या पत्रातल्या तेराव्या अध्यायाइतकाच प्रीतीचा वाटतो. तुमच्या मंडळीतही तुमच्या प्रकरणातून एवढी व्यवस्था झाली तर पुढच्या खजिनदाराची मुलगी वाचेल: अर्पण नेहमी दोघांनी मिळून मोजायचं आणि दोघांनी सही करायची, वर्गणीचा तक्ता महिन्याला फलकावर लावायचा, शंका आधी लेखी कमिटीकडे द्यायची. अशा गोष्टींवर कोणी गीत रचत नाही.

इथे मला एक सावधगिरी घालावीच लागते, कारण हे उत्तर दुसरंही कोणी वाचेल. ‘प्रीतीने घ्या’ हे वाक्य मार खाणाऱ्या बायकांना सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. तिथे मत्तयाची पहिली पायरी लागू नाही; मारणाऱ्याकडे एकटीने परत जायचं नसतं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. लहान मुलाच्या अंगाला कोणी वाईट हात लावला असेल तर ते मंडळीत मिटवायचं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तुमचं प्रकरण या जातीचं नाही. ते बोलून सुटण्यासारखं आहे, म्हणून मी बोलायला सांगतेय.

मंडळी बदलण्याबद्दल. पुण्यात बदलणं सोपं आहे. कॅम्पात, पेठांत, खडकीला, पिंपरीला, सगळीकडे मराठी उपासना मिळते, आणि नव्या फेलोशिप तर हॉलहॉलमधून आहेत. सोपं आहे म्हणूनच घाई नको म्हणते. वेगळं होणं हे पाप आहे असं मी मानत नाही. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात, मार्क या सहकाऱ्याला सोबत न्यायचं की नाही यावरून, इतकी तीव्र वादावादी झाली की ते वेगवेगळ्या वाटांनी गेले, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने ते लपवलेलं नाही. पण पुढे तीमथ्याला लिहिताना पौल सांगतो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. म्हणजे दार आतून लावलेलं नव्हतं. तुम्हीही जायचं ठरवलंत तर काकांशी बोलून झाल्यावर जा, त्याआधी नको. न बोलता गेलात तर काका तुमच्यासोबत नव्या मंडळीत येतील. तिथल्या पहिल्याच खजिनदाराकडे बघून तुम्हाला धडकी भरेल. पाळकांकडून रीतसर पत्र घेऊन जा, आणि आई कुठे जाणार ते आधी तिला विचारा. तिच्या वयात मंडळी म्हणजे देवळाची इमारत कमी आणि महिला मंडळातल्या चार मैत्रिणी जास्त असते. मात्र रविवार आला की तुमची झोप उडते, पोटात गोळा येतो, असं बरेच महिने चाललं असेल तर काही दिवस दुसरीकडे उपासनेला बसा. त्याला मंडळी सोडणं म्हणत नाहीत.

तोवर रोजचं काय? काकांसाठी प्रार्थना करा, पण ‘प्रभू, त्यांना सद्बुद्धी दे’ अशी नको. ती प्रार्थनेच्या वेषातली तक्रार असते. त्यांचा गुडघा दुखत असेल, नातू नोकरी शोधत असेल, त्यासाठी करा. आणि ही गोष्ट तिसऱ्या घरी सांगणं बंद करा. या दोनच गोष्टी मी लोकांना सांगते, कारण याहून जास्त सांगितलं तर कोणी काहीच करत नाही.

राहिली वर्षाची प्रार्थना. हा निर्णय तुमचा नाही, आईचा आहे. ती नको म्हणाली तर विषय संपला, आणि त्यात प्रीती कमी पडली असं कोणी म्हटलं तर म्हणू द्या. ती हो म्हणाली तर काकांना छापील पत्रिका किंवा ग्रुपवरचा मेसेज नको, तुम्ही किंवा आईने तोंडी बोलवा. शक्य असेल तर ती दुपारची भेट या प्रार्थनेच्या आधी उरकून घ्या. न बोललेलं मनात ठेवून दोघं एका खोलीत बसलात तर सगळे तुमच्याकडेच बघत राहतील. आणि आठवणी सांगायला कोण कोण उठणार त्यांची नावं पाळकसाहेबांना आधीच कागदावर लिहून द्या. आपल्याकडे अशा वेळी ‘आणखी कोणाला दोन शब्द बोलायचेत का’ असं विचारायची वाईट खोड आहे. ते विचारायचं नाही, असंही त्याच कागदावर लिहा.